आमच्याकडे ऑनलाइन म्हणजे झेरॉक्सवाला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका निवृत्त शिक्षकांना फोनवरून कसं लुबाडलं त्याची बातमी होती. खाली चौकटीत नेहमीची सूचना होती : ओटीपी कोणालाही सांगू नका. चौकट मला आवडली म्हणून कापून काउंटरच्या काचेखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाने ती बोट लावून वाचली, "बरोबर आहे" म्हणून मान डोलावली आणि मला ओटीपी सांगितला.

मालवणात तहसील कार्यालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. 26 वर्षं झाली. आधी झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. बूथ गेला, त्या जागी कॉम्प्युटर आला, आणि आता बोर्डावरच्या सगळ्या ओळींत 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' हीच ओळ घर चालवते. पॅन कार्ड, सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणी, लाइट बिल, होडीचे कागद, मुलांच्या स्कॉलरशिपा. जुलै 2024 मध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म सुरू झाले तेव्हा रांग रस्त्याच्या कडेने पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. एरवी दिवसाला 20-25 ओटीपी माझ्या कानांवर पडतात. मशीन चालू असतं म्हणून लोक ते मोठ्याने सांगतात. ज्यांचा नंबर मुंबईतल्या मुलाच्या फोनशी जोडलेला आहे त्यांचा ओटीपी नालासोपाऱ्याहून येतो. ज्यांच्या वाडीत रेंज नाही त्यांचा नातू सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढतो, मेसेज आला की तिथनंच फोनवर ओरडतो, आणि आजी माझ्यासमोर बसून तो आकडा जपासारखा पुटपुटते.

मग ओटीपी सांगू नका, हे कोणासाठी? ज्याचा फोन स्वतःचा, कॉम्प्युटर स्वतःचा आणि डोळे धड, त्याच्यासाठी. आचऱ्याहून, मसुऱ्याहून, देवबागेतून एसटीने येणाऱ्या माणसाच्या लेखी ऑनलाइन म्हणजे मी. त्यामुळे या माणसांची माहिती कुठल्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर सुरक्षित आहे का, हा प्रश्न नंतरचा. ती माझ्या दुकानात सुरक्षित आहे का? नव्हती. ते सांगायलाच हे पत्र लिहितोय.

दांडीवरचे एक तात्या आहेत. आयुष्य रापणीवर, किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढण्यात गेलं, आता गुडघे गेलेत, पण दुकानात येऊन बसायची सवय आहे. गेल्या वर्षी त्यांना परराज्यातल्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला. तुमच्या नावावरच्या नंबरवरून फसवणूक झाली आहे, म्हणे. पहिल्यांदा आम्हाला वाटलं हाच फोन खोटा. हल्ली तसलेच फोन जास्त. म्हणून मी दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' पोर्टलवर तात्यांचा नंबर घातला. आपल्या नावावर किती सिम कार्डं आहेत ते तिथे दिसतं. तात्यांच्या नावावर 5 निघाली. एक त्यांचं, एक त्यांनी सुनेला घेऊन दिलेलं. उरलेल्या 3 नंबरांचे शेवटचे आकडे तात्या बराच वेळ बघत बसले, जणू ओळखीचा चेहरा निघेल. तिन्हींपुढे 'हा माझा नंबर नाही' यावर टिचकी मारली, आणि पुतण्याला घेऊन इथल्या पोलीस ठाण्यात पाठवलं.

महिन्याभराने पुतण्या आला. त्या सिमचा अर्ज पोलिसांनी मागवला होता, त्याचा फोटो त्याच्या फोनवर होता. अर्जावर फोटो भलत्याच माणसाचा, सही भलत्याचीच, पण जोडलेली आधारची झेरॉक्स तात्यांची. मी फोटो मोठा करून बघितला आणि माझे हात गार पडले. झेरॉक्सच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती.

ती रेघ मी झोपेतही ओळखेन. माझ्या मशीनच्या ड्रमवर ओरखडा पडला होता. लॉकडाऊनमध्ये धंदा बसलेला, ड्रम बदलायचा खर्च टाळत मी दोन वर्षं काढली. 2020 ते 2022 या काळात माझ्या दुकानातून जो कागद बाहेर पडला त्याला ती रेघ आहे. लोक कुरकुर करायचे, मी म्हणायचो चालतं, वाचता येतंय ना.

तात्यांनी फोटो बघितला नाही, पण माझं तोंड बघितलं. म्हणाले, "अरे, मी झेरॉक्स तुझ्याकडेच काढतंय मां? मगे ह्यो कागद तेंच्याकडे गेलो कसो?"

आम्ही दोघांनी बसून आठवलं, त्या दोन वर्षांत तात्यांनी आधारची झेरॉक्स कुठे कुठे दिली. मे 2021 च्या तौक्ते वादळात पडवीचं छप्पर गेलं, त्याच्या भरपाईला दोनदा, कारण पहिला अर्ज सापडेना. मच्छीमार सोसायटी. बँक. गॅस एजन्सी. खरंखुरं सिम घेतलं ते दुकान. लेकीच्या लग्नाचा हॉल. रेशन. एका पतसंस्थेत ठेव. दवाखान्यात दाखल होताना. आणि एक माणूस वाडीत येऊन कसल्याशा विम्याचे फॉर्म भरून गेला होता, त्याचं नाव आता कोणालाच आठवत नाही. 10 ठिकाणं. अकरावं ठिकाण माझ्या दुकानातली केराची टोपली. मशीनमध्ये कागद अडकला, तिरका आला, फिका आला की चुरगाळून तिथे. टोपली भरली की रद्दीवाल्याकडे.

त्या 11 ठिकाणांतलं नेमकं कुठलं, हे कळलेलं नाही. तात्या अजून येऊन बसतात. पण मी बदललो.

त्याच दिवशी रात्री शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरचा 'डाउनलोड्स' फोल्डर उघडला. 4000 च्या वर फायली. लोक माझ्या व्हॉट्सअॅपवर कागद पाठवतात, मी कॉम्प्युटरवर उघडतो, प्रिंट काढतो, पैसे घेतो. कागद गिऱ्हाईक नेतं, फाइल माझ्याकडेच राहते. आधारच्या दोन्ही बाजू, पासबुकाचं पहिलं पान, एका मुलीच्या जातपडताळणीचा अख्खा गठ्ठा, कोणाची सोनोग्राफी. एक मृत्युपत्र होतं. त्या गृहस्थांच्या मुलांनी ते अजून पाहिलेलं नाही आणि मी पाहिलेलं आहे. तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांनी पाठवलेली पर्यटकांची ओळखपत्रं तर शेकड्याने. पुण्याहून, इचलकरंजीहून, बेळगावहून दोन दिवस समुद्र बघायला आलेली माणसं, स्कूबा करून घरी गेली, त्यांची आधार कार्डं मालवणात माझ्या कॉम्प्युटरवर. त्या कॉम्प्युटरला पासवर्ड नव्हता. दुपारी मी जेवायला गेलो की शेजारचा पोरगा त्यावर गेम खेळायचा.

पासवर्डवरून आठवलं. आधारची पीडीएफ उतरवली की तिला पासवर्ड असतो : नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव माझ्यासमोर, साल मी विचारतो. हे कुलूप नाही, नुसती कडी आहे.

फोनचं वेगळंच. मध्यंतरी त्याने 'तीन वर्षांपूर्वी याच दिवशी' म्हणून आठवण दाखवली. मला वाटलं कुणकेश्वराच्या जत्रेचा फोटो असेल. कोणाचं तरी रेशन कार्ड होतं. व्हॉट्सअॅपवर आलेलं सगळं आपोआप माझ्या खात्यात चढत होतं, आणि ते बंद करता येतं हे मला पुण्याच्या भाच्याने सांगितलं.

मशीनचं तर कधी डोक्यातही आलं नव्हतं. आमच्यासारखे छोटे दुकानदार नवीन मशीन घेत नाहीत, रिकंडिशन आणतात. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, या मोठ्या मशिनांत हार्ड डिस्क असते, स्कॅन केलेलं त्यात राहू शकतं. बटणं दाबत आत शिरला आणि आधीच्या मालकाने साठवलेली एक फाइल काढून दाखवली. कुठल्याशा ऑफिसचं पगारपत्रक. कोणाला किती पगार आणि किती कापला, नावानिशी. मी हसलो, आणि मग आठवलं की 2019 साली मी माझं जुनं मशीन विकलं ते डिस्कसकट.

आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो. ज्यांच्याकडे फोनच नाही अशांच्या फॉर्मवर मोबाइल नंबराचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. घाईत मी 3-4 वेळा माझाच नंबर टाकला. उपकार केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. मसुऱ्याच्या एका आजींच्या खात्यात पैसे आले की मेसेज मला येतो. कधी काढले तेही कळतं. आजींच्या घरात कोणाला माहीत नसेल ते मला माहीत असतं. नंबर बदलायला त्यांना बँकेत घेऊन जायचं मी दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा त्यांची एसटी चुकली. या महिन्यात रिक्षा पाठवून नेणार आहे.

आता काय करतो ते सांगतो. प्रिंट काढली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फाइल काढून टाकतो, रिसायकल बिनमधूनही. स्क्रीन त्यांच्याकडे वळवतो. बहुतेकांना त्यात रस नसतो, ते सुट्टे पैसे शोधत असतात. बिघडलेले कागद रद्दीत जात नाहीत, घरी नेतो, न्हाणीच्या चुलीत जातात. पावसाळ्यात ओली लाकडं पेटत नाहीत तेव्हा आधार कार्डाच्या झेरॉक्स फार कामाला येतात, असं बायको म्हणते. आणि कुडाळहून एक रबरी शिक्का बनवून आणला : 'फक्त ............ या कामासाठी, दि. ......'. झेरॉक्सवर तिरका मारायचा. फोटो आणि नाव झाकायचं नाही, पण अक्षरं थोडी मजकुरावर चढली पाहिजेत, म्हणजे तो भाग कापून किंवा खोडून कागद दुसरीकडे चालवता येत नाही. रिकाम्या जागेत कामाचं नाव मी पेनाने लिहितो, सही माणूस स्वतः करतो. शिक्क्याचे पैसे घेत नाही.

पहिल्याच आठवड्यात शिक्क्यावर गदा आली. एक बाई एका कचेरीतून परत आल्या. तिथल्या साहेबांनी कागद भिरकावला होता. "असली रंगवलेली नको, कोरी आणा." मी त्यांना कोरी काढून दिली. काय करणार, त्यांना परतीची गाडी होती. आधार क्रमांकाचे पहिले 8 आकडे झाकलेली, शेवटचे 4 दाखवणारी प्रत आधार प्राधिकरणच देतं, त्यांच्याच साइटवर. ती नेली तरी हेच : "पूर्ण नंबर दिसत नाही, चालणार नाही."

साहेबांना तरी का बोलू? मे 2022 मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने सूचना काढली होती की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, झाकलेली प्रत वापरा. शुक्रवारी, 27 तारखेला. मी ती मोठ्या अक्षरांत छापून दाराच्या काचेवर लावली. रविवारी सरकारने ती मागे घेतली, गैरसमज होईल म्हणून, आणि लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी असं सांगितलं. सोमवारी मी काच पुसली. फेविकॉलचे डाग अजून आहेत.

अंगठ्याचंही सांगतो, कारण त्यावर कोणी बोलत नाही. गावोगाव बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या एजंटाच्या, छोट्या मशीनवर आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी लागतच नाही. हरयाणा, तेलंगण, कर्नाटकात चोरांनी जमिनीच्या नोंदणीच्या साइटवरून दस्त उतरवले, त्यांवरचे अंगठे सिलिकॉनवर उठवले आणि लोकांची खाती रिकामी केली. आमच्या कोकणात जमिनी समाईक. मुंबईच्या पार्टीला 20 गुंठे विकायचे तरी एका दस्तावर पंधरा-पंधरा अंगठे.

हे वाचल्यावर मी उत्साहाने आईचे बोटांचे ठसे प्राधिकरणाच्या साइटवर लॉक करून टाकले. चार दिवसांनी ती रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन आली. मशीन अंगठा घेईना. एरवीही घेत नाही पटकन. उमेदीत काजू फोडायला जायची, चिकाने बोटांच्या रेघा गेल्यात, पण दहा वेळा घासून एकदा तरी लागायचा. भर दुकानात म्हणाली, "माझो आंगठो बंद केलंस? मी अजून जिती आसंय रे!" आता धान्याच्या दिवशी मी तिच्यासोबत जातो, फोनवरून कुलूप थोड्या वेळापुरतं उघडतो, अंगठा लागला की ते पुन्हा लागतं. सोय चांगली आहे. फक्त प्रत्येक आईबरोबर एक मुलगा आणि एक चालू फोन लागतो.

कायदा नाही असं नाही. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी 2012 साली आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दंड 250 कोटींपर्यंत. मी, माझं दुकान आणि शेजारचं हॉटेल मिळून विकलं तरी त्याचा कोपरा भरणार नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही! पण तो कायदा आहे डिजिटल माहितीचा. माझा डाउनलोड्स फोल्डर त्यात येतो. ज्या कागदावर तात्यांच्या नावाने सिम घेतलं गेलं तो कागद, कपाटात पडला असेपर्यंत, त्यात येत नाही. आणि आमच्या तालुक्यात माहिती राहते ती कपाटात, सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यात, कसर लागलेल्या फायलींत.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती माझ्याच पोटावर पाय देणारी आहे. जिथे बघून परत देता येतं तिथे झेरॉक्स मागूच नका. आधार कार्डावरचा क्यूआर कोड प्राधिकरणाच्या अॅपने स्कॅन केला की कार्ड खरं की खोटं लगेच कळतं. लग्नाच्या हॉलला आधार कशाला हवं, हे मला 26 वर्षं या धंद्यात काढूनही उमगलेलं नाही. जिथे प्रत ठेवावीच लागते तिथे शिक्का मारलेली घ्या, आणि काम संपल्यावर त्या गठ्ठ्याचं काय करता ते एका पाटीवर लिहून लावा. होमस्टेवाल्या मित्रांनाही हेच म्हणणं आहे. पाहुण्याचं नाव-पत्ता रजिस्टरात उतरवा, ओळखपत्र बघा, परत द्या. ते माझ्या व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. मला नको आहे.

आणि आपल्या त्या चौकटीबद्दल. ती जरा बदलून छापता आली तर बघा. आपण स्वतः काम काढल्यावर आलेला ओटीपी वेगळा आणि घरबसल्या आपोआप आलेला वेगळा. दुसरा कोणी मागितला तर फोन ठेवायचा. पहिलाही सांगण्याआधी मेसेज शेवटपर्यंत वाचायचा किंवा कोणाकडून तरी वाचून घ्यायचा, कारण तो कशासाठी आहे हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. बाई येतात लाइट बिल भरायला आणि मेसेजात असतं पैसे पाठवण्याचं, असं एकदा माझ्यासमोर झालं. त्या फोनवर आदल्या दिवशी लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप घुसवणारी फाइल, उघडली होती. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, म्हणून बरेचसे पैसे मध्येच अडवता आले. त्याच दुपारी बँकेतही लेखी दिलं, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी तक्रार जितकी लवकर, तितकी ग्राहकाची जबाबदारी कमी. चौकटीत 1930 हा आकडा मोठा छापा. आमच्याकडे लोक तो काचेखाली वाचतात.

आपल्या पानाच्या तळाशी लिहिलेलं असतं की पत्रासोबत पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि ओळखपत्राची प्रत पाठवावी. नाव, पत्ता, नंबर वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये. ओळखपत्राची प्रतही जोडली आहे. तिच्यावर निळा शिक्का दिसेल : 'फक्त वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी'. ती चालत नसेल तर कळवा. कोरी पाठवणार नाही, हवं तर स्वतः येऊन कार्ड दाखवून जाईन.

आपला,
एक झेरॉक्सवाला, मालवण